तात्यांच्या टीव्हीवरची अक्षरं

अक्षर आवडलं नाही म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भावोजी. कारापूरला राहतात, वीज खात्यात नोकरी करतात आणि उरलेला सगळा जीव अक्षरांवर टाकतात. लग्नाची पत्रिका आली की माणसं मुहूर्त बघतात, गेलाबाजार मुलगी कुणाकडची ते तरी बघतात. भावोजी पत्रिका खिडकीपाशी उजेडात नेतात आणि म्हणतात, वेलांटी बघ कशी मान टाकून पडलीय, आणि त्या वेलांटीपायी संसाराचं काही खरं नाही असा चेहरा करतात. एकदा आम्ही सगळे मांद्र्याला जेवायला गेलो. परदेशी पाहुण्यांचं हॉटेल, त्यामुळे मेनूकार्डावर इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ मारून त्यांना देवनागरीचं सोंग दिलेलं. भावोजींनी ते मराठी समजून वाचायला घेतलं. बराच वेळ काही लागेना. शेवटी सोंग ध्यानात आलं आणि माणूस जो भडकला, तो समोर तळलेला बांगडा वाफाळत असताना उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. ताईने त्यांच्या वाटचा बांगडा शांतपणे माझ्या ताटात सरकवला. तिला सवय आहे.

तर अशा माणसाच्या घरात एक दिवस टीव्हीभर रिकामे चौकोन उमटले. त्याचं कारण तात्या, म्हणजे भावोजींचे वडील. तात्यांनी उभा जन्म देवळांच्या उत्सवात नाटकं केली. आमच्या इब्रामपूरलाही येऊन गेलेत. लहानपणी मी त्यांना राक्षस झालेलं पाहिलंय. गर्जना अशी की मांडवाबाहेरच्या खाजेवाल्याचा हात तराजूवरच थांबायचा. त्या माणसाला लकवा झाला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. बोलता येत होतं, पण शब्द तुटका निघतो याची त्यांना भारी लाज. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना हा आवाज ऐकवायचा नाही, असं बहुतेक त्यांनी ठरवलं असावं. चहा हवा का विचारलं तरी मान हलवून 'नाका', टीव्ही लावू का म्हटलं तरी 'नाका'. स्वतःहून काही मागणं तर बंदच झालं. दिवसभर बाहेरच्या खोलीत आपल्या कदेलीवर, म्हणजे त्या जुन्या हाताच्या खुर्चीत, बसून राहायचे.

भावोजी डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी गावोगावच्या मंडळांकडून तात्यांच्या नाटकांची जुनी चित्रणं गोळा केली, टीव्हीला लावायची एक डबी आणली आणि तिच्यात मीडिया प्लेअर घालून सगळी नाटकं त्यात भरली. बेत साधा होता. तात्यांनी डाव्या हाताने रिमोट दाबायचा आणि हवं ते नाटक आपलं आपण लावायचं, कुणापुढे तोंड उघडायला नको. पण त्या प्लेअरच्या थीममधल्या, म्हणजे पडद्यावरच्या सजावटीतल्या, फॉन्टला मराठीचा गंधही नव्हता. नाटकांच्या नावांच्या जागी चौकोनामागे चौकोन. आणि तात्यांना वाचता यायचं ते फक्त मराठी.

मग काय विचारता! आजवर दुसऱ्याच्या अक्षराला नावं ठेवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हाती स्वतःचा फळा आला. थीमच्या फोल्डरात मराठी फॉन्टची फाईल टाकायची आणि शेजारच्या दुसऱ्या फाईलीत मथळ्याला कुठला फॉन्ट, यादीला कुठला, घड्याळाला कुठला आणि प्रत्येकाचा आकार किती, हे लिहायचं, एवढंच काम. भावोजींनी त्याचं लग्नकार्य केलं. एक फॉन्ट पोटाशी फार सुटलेला निघाला, दुसऱ्याचा 'ळ' रुसलेला दिसत होता, तिसरा ताईला आवडला म्हणूनच बाद झाला. एकदा लिहिताना कुठलंसं चिन्ह गळलं आणि थीम उघडेचना. दोन दिवस टीव्ही भावोजींच्याच ताब्यात, घरात बातम्या नाहीत की मालिका नाहीत. आकार तर असा दिला की तात्यांना कदेलीवरून दिसावं म्हणताना शेजारच्या घरातूनही वाचता आलं असतं.

आणि मग आमच्या माणसांनीच करावी अशी चूक झाली. आपल्याकडे कुठलीही गोष्ट कोऱ्या जागेवर सुरू होत नाही, वर देवाचं नाव हवंच. भावोजींनी प्रत्येक नाटकाच्या नावाआधी '॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥' असं साग्रसंगीत लिहिलं होतं. अक्षर एवढं मोठं की देवाच्या नावातच ओळ संपली आणि नाटकाचं नाव पडद्याबाहेर राहिलं. साऱ्या घराला बोलावून त्यांनी टीव्ही लावला, तर वरपासून खालपर्यंत नुसती ग्रामदेवता प्रसन्न. तात्यांनी एकवार पाहिलं, डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि रिमोट परत दिला. ताई स्वयंपाकघरात पळाली, मी तिच्या मागोमाग. भावोजींनी त्यानंतर आठवडाभर आमच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, पण देवाला पडद्यावरून उतरवून नावं नीट केली. दुसऱ्या दिवसापासून तात्या आपली नाटकं आपण लावू लागले. बोलत मात्र नव्हते.

मग थीमची नवी आवृत्ती आली. ती येताना जुनं फोल्डर पुसून टाकते, हे भावोजींना कुठं ठाऊक! सकाळी सगळे चहा-पावाला बसलेले, तात्यांनी रिमोट दाबला आणि पुन्हा चौकोनच चौकोन. त्यांनी एकदा दाबलं, परत दाबलं. मग मान वळवून, जड जिभेने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अक्षरां खंय गेलीं?"

लकव्यानंतर त्यांनी स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट. ताई सांगते, भावोजींच्या हातातला पाव चहातच विरघळला. "हाडटां, तात्या, आत्तां हाडटां," आणतो आणतो म्हणत ते तसेच उठले. त्या दिवशी कचेरीत उशिरा गेले.

आपोआप येणाऱ्या त्या नव्या आवृत्त्या बंद करता येतात. भावोजींना ते लवकरच कळलंही. पण त्यांनी बंद केल्या नाहीत. अधूनमधून अक्षरं जायची, तात्या विचारायचे, हे धावायचे. पुढे पुढे तात्या रागवायलाही लागले, आणि तात्या रागावले की भावोजींचा दिवस सणासारखा जायचा. मी यावरून त्यांना पुष्कळ छळलं. ते म्हणायचे, तुला यातलं काही कळत नाही.

गेल्या चतुर्थीच्या आधी तात्या गेले. मध्ये मी कारापूरला गेलो तर टीव्हीवर पुन्हा ते चौकोन. कदेल तिथंच होती, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. सवयीने मी चिडवायला गेलो, म्हटलं, "भावोजी, अक्षरं पळाली की तुमची." ताईने मला डोळ्यांनी दटावलं.

"घालतलों रे," भावोजी म्हणाले. "घाई कित्याक? आतां विचारूक कोण आसा?"

मला फार वाईट वाटलं. चहा झाल्यावर ते उठले आणि त्यांनी फॉन्ट परत घातला. आकार तोच ठेवला, कदेलीवरून वाचता येईल एवढा.