ज्याचं त्याचं गाणं

आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या नावावर एक गाणं होतं, आणि ही वाटणी केली होती माझ्या थोरल्या भावानं. तापीकाठच्या आमच्या गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. भाऊ शहाद्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला आणि पहिला हंगाम संपला तसा बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन घरी आला. बाबा म्हणाले, एवढ्यात एक गोऱ्हा आला असता. भाऊ म्हणाला, गोऱ्हा गातो का? बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

रेडिओची तार लिंबाला बांधली आणि रेडिओ ओट्यावर ठेवला. घरात ठेवण्याचा विषयच नव्हता. संध्याकाळी बाया आपापलं सूप घेऊन आमच्याच ओट्यावर शेंगा फोडायला येऊ लागल्या. गाणं सुरू झालं की भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. कुणाचा हात सुपात थांबला की हा लगेच विचारणार, "आवडनं का? काबरं आवडनं?" नुसतं आवडलं म्हणून त्याचं भागायचं नाही, त्याला कारण हवं असे. आमच्याकडे बायकांना भाजीत मीठ किती एवढंच विचारायची पद्धत. गाणं का आवडलं, हे त्याच्याआधी कुणी विचारलं नव्हतं. म्हणून त्या आधी लाजायच्या आणि मग भडाभडा सांगायच्या.

शेजारच्या काकूंचं एक गाणं होतं. त्याची चाल त्यांची बहीण जात्यावर गुणगुणायची तशी होती म्हणे, आणि ती बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. ते गाणं लागलं की भाऊ कुंपणावरून ओरडायचा, "काकू, पय वं, तुन्हं गानं लागनं!" काकू पिठाच्या हातानं पळत यायच्या आणि गाणं संपेपर्यंत ओट्याच्या कडेला उभ्या राहायच्या. बाबांचं गाणं म्हणजे कपाशीचे बाजारभाव. तेही लागले की भाऊ तितक्याच जोरात हाक मारायचा. आईचं गाणं फार संथ होतं. तिनं कारण सांगितलं ते मला अजून आठवतं. ती गाणारी बाई मधेच दम घेते, तो ऐकू येतो, म्हणाली. तीही आपल्यासारखीच थकत असेल, असं वाटून बरं वाटतं. माझंही एक होतं. मी कारण सांगितलं नाही. त्याला ते आपसूक कळलं होतं, आणि त्यानं ते चारचौघांत कधी काढलं नाही. भाऊ असावा तर असा.

शेतात कापूस वेचायला धडगावकडून डोंगरातल्या बाया यायच्या. त्या ओळीनं वेचता वेचता गायच्या. हा बांधावर उभा राहून त्यांनाही विचारायचा, हे गाणं कशाचं, आणि काय म्हणून गाता? त्यांची भाषा याला धड येत नव्हती, याची त्यांना. त्या हसून एकमेकींवर कोसळायच्या.

एका वर्षी पावसाळा सरताना त्याला कावीळ झाली. गावठी औषध झालं, उतारा झाला. मग तापी ओलांडून नंदुरबार, तिथून रेल्वेनं चिंचपाड्याच्या दवाखान्यात. तिथल्या लोकांनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले. बाबा त्याला घेऊन परत आले तेव्हा आम्ही गाडीतल्या चादरीकडे बघूनच काय ते समजलो. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती.

आमच्याकडे घरातलं तरुण माणूस गेलं की वर्षभर दुःख पाळतात. कढई चढत नाही, सण होत नाही, गाणं वाजत नाही. बाबांनी रेडिओ जुन्या धोतरात बांधून माळ्यावर ठेवला. तोवर गल्लीत आणखी दोन घरी रेडिओ आले होते. तेही बंद झाले. कुणी बंद करा म्हणालं नाही, आपणहून झाले. पोरी फुगडीची गाणी लांबच्या पटांगणात जाऊन म्हणायच्या. कापूस वेचणाऱ्या बायांनाही आमच्या सालदार गड्यानं खुणेनं गप्प केलं. एवढी माया मी पुन्हा कुठल्या गावात पाहिली नाही. आणि त्याच मायेनं माझ्या आईचा जीव घेतला असता.

कारण आईला ऐकायचं होतं. मी तिच्याशेजारी झोपत असे म्हणून मला हे ठाऊक. एक दिवस दळण निवडता निवडता तिनं मला विचारलं, "त्याले कोनतं गानं आवडे वं?"

मला सांगता येईना. मी एक सांगितलं, ते काकूंचं निघालं. दुसरं सांगितलं, ते माझंच होतं. आईनं मग सगळ्या गल्लीला विचारून घेतलं. काकूंना विचारलं, त्याच्या मित्राला विचारलं, कळसाडीहून मामा आले तर त्यांनाही. जो तो डोळे पुसत आपलंच गाणं सांगायचा. मला हाक मारायचा बघा, म्हणायचा. मित्र म्हणाला, शीळ घालायचा तो, पण रोज वेगळी. पंगतीत वाढणाऱ्याला कोण विचारतं, तू जेवलास का म्हणून?

आईच्या डोक्यात मात्र एकच बसलं होतं. ते गाणं कानावर पडलं की आपल्याला ओळखू येईल. आईला नाही कळणार तर कुणाला कळेल? पण कानावर काही पडतच नव्हतं. रेडिओ काढा, असं तिनं म्हणणं शक्य नव्हतं. पोरगा जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला गाणी सुचतात, असं भावकी म्हणाली असती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाबांनाही तिनं सांगितलं नाही.

उन्हाळ्यात काकूंच्या मुलाचं लग्न निघालं. भावाचा मित्र तो हाच. लग्न पुढं ढकलू का, असं काकू विचारायला आल्या. आई घाईनं म्हणाली, "नको, नको. बँड सांगेल शे ना?" बँड ठरवलाय ना, एवढंच तिला विचारायचं होतं. काकूंना वाटलं, आपल्या दारासमोर बँड नको, असं ही म्हणते आहे. त्या मान खाली घालून गेल्या.

लग्नाच्या दिवशी आई सकाळपासून दाराआड बसून होती. एवढी गाणी वाजवतील, त्यात त्याचं एखादं येईलच, असं ती मला म्हणाली. दुपार कलल्यावर नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. शहाद्याचा बँड गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागला. आई उठून उभी राहिली. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि आमच्या दारासमोर एकदम बंद झाला.

दुःखाच्या घरावरून मुकाट्यानं जायचं आणि चार घरं पुढं गेलं की पुन्हा सुरू करायचं, ही आमच्याकडची रीत. माणसं खाली बघत, चपला न वाजवता चालली होती.

आई ओट्यावर गेली. "बंद काबरं करं रे? वाजाडा ना."

तिला राग आला आहे असंच सगळ्यांना वाटलं. काकूंच्या मालकांनी हात जोडले. "चुकनं माय," ते म्हणाले, आणि वरात मागच्या वाटेनं वळवायला लागले.

"तसं नही हो! माले आयकनं शे," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

काकूंना तेव्हा उमगलं. त्या पुढं झाल्या, बँडवाल्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबा. ती सांगी ते वाजाडा."

क्लॅरिनेटवाला बाहेरगावचा, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं अदबीनं विचारलं, "कोनतं वाजाडू, माय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे, घोड्यावरच्या नवरदेवाकडे, ओळीनं सगळ्या गल्लीकडे पाहिलं.

"माले माहीत नही, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्याले कोनी इचारंच नही."