माझ्या आवाजातली खार

बोरीवलीच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला तेव्हा मी सहावीत होते आणि माझा धाकटा भाऊ चौथीत. कॅसेट अडकली की तो ती काढून जोरात फुंकायचा. मग पडद्यावरच्या मुंग्या जायच्या आणि एक इवलासा सैनिक उड्या मारायला लागायचा. त्याला बोलता यायचं नाही, नुसतं टुंग टुंग वाजायचं. म्हणून भाऊ खेळायचा आणि सैनिकाच्या वतीने मी बोलायचे. "आई गं, केवढा खड्डा! थांब रे, धाप लागलीय मला!"

"ताई, गप ना यार! मरेल तो!" भाऊ हसून लोळायचा आणि सैनिक खड्ड्यात.

पुढे बोलणं हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये मी डबिंग करते. कार्टूनमधली माकडं, जाहिरातींतल्या आया, चेटकिणी, सगळं केलंय. गेल्या वर्षी लहान मुलांच्या मोबाइल गेमसाठी एका खारीचा आवाज द्यायला बोलावलं. समोर ठेवलेल्या वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तीच वाक्यं रागावून, हसत, कुजबुजत पुन्हा पुन्हा वाचायची होती.

"अरे, यात गोष्ट काय आहे?" मी रेकॉर्डिस्टला विचारलं.

"गोष्ट नाही मॅडम. एआयला तुमचा आवाज शिकवायचाय."

मला गंमत वाटली. पुढ्यात आलेल्या करारावर सही केली आणि चहा पिऊन घरी आले.

दिवाळीच्या आधी मुलुंडला भावाकडे गेले होते. वहिनीबरोबर करंज्या भरत होते आणि आतल्या खोलीतून माझा आवाज आला. "आज शाळेत कुणी रागावलं का गं तुला?"

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

आत भाची पलंगावर पालथी पडून फोनमधल्या खारीशी बोलत होती. आई ओरडली म्हणून तक्रार सांगत होती.

"मला सगळं सांग," माझा आवाज म्हणाला. "मी कुणाला नाही सांगणार. आपलं दोघींचं गुपित."

हे वाक्य मी कधीच वाचलेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर श्वास सोडत हलकंसं हसायची माझी सवय, तीसुद्धा त्यात होती.

भाचीने वळून पाहिलं. "आत्या, ही तूच ना?"

"नाही गं."

"कोण आहे तिथे?" फोनमधून खारीने विचारलं.

तोंड उघडायची भीती वाटली मला. मी बोलले तर तेही ती ऐकेल, शिकेल, असं वाटलं. मी हातानेच भाचीला फोन बंद करायला खुणावलं.

भावाने तिथल्या तिथे गेम काढून टाकला. भाची खूप रडली. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओतल्या त्या रेकॉर्डिस्टला फोन केला.

"तुम्ही सही केलीय मॅडम, आवाज आता गेम कंपनीचा आहे."

"पण ती पोरीला गुपितं विचारतेय!"

"ते कुणी लिहिलेलं नाही हो," तो म्हणाला. "ते तिचं ती बोलते."

आता मी मुलुंडला फोन केला की भाची आधी आईला विचारते, "ही खरी आहे का?" वहिनी व्हिडिओ कॉल लावते. माझा चेहरा नीट बघून झाल्यावर भाची बोलते, पण जेवलीस का, काय केलंस, एवढंच. मनातलं काही सांगत नाही.