टाळूची प्लेट आणि सोबत आलेली माणसं

माझा दवाखाना बीडमध्ये. वेडेवाकडे दात सरळ करणं आणि जबडा सांभाळणं हा आमचा धंदा. पेशंट बिचारा तोंड उघडून बसलेला, त्याला बोलता येत नाही. मग सोबत आलेला माणूस त्याच्या वाटचंही बोलून घेतो! किस्से साठतात ते असे.

*

घाटनांदूरचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोराचा वरचा जबडा अरुंद, म्हणून टाळूला स्क्रू बसवला. तो रोज किल्लीनं थोडासा फिरवायचा.

"रोज थोडा थोडा कावून? आमी मोटारीचा नट एकदाच आवळतो."

"आजोबा, हा आवळायचा नाही. यानं जबडा हळूहळू रुंद होतो."

आजोबांनी नातवाकडे बघून कपाळाला हात लावला. "मंजे याचं तोंड आजून मोठं होनार!"

*

उमापूरच्या एका तरुणानं लग्नात जेवताना तोंडातली दातांची प्लेट काढून पत्रावळीवर ठेवली आणि विसरला. पत्रावळ गेली म्हशीपुढे. लगेच मला फोन.

"नवी करू, काळजी नको," मी म्हणालो.

"ते हाय हो. पन म्हशीला काय होनार न्हाई ना? सोयरे लई कडक हायेत!"

प्लेट गव्हाणीत सापडली. म्हशीनं निवडून बाजूला ठेवली होती.

*

एक पुढारी सांगत होते, "भाषणात अडकायला होतं, म्हणून बाहेर प्लेट काढून ठेवतो. घरी घालतो."

शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "घरी घालतेत ते बरंय. तेवढाच आराम!"

*

आणि पाली गावची कोमल. घरी मेंढरं. जन्मतः टाळूला फट. ऑपरेशन झालं तरी भोक राहिलं, बोलणं नाकातून यायचं. भोक झाकावं आणि वरचा जबडा आत ओढला जाऊ नये, म्हणून मी प्लेट बसवली. पोरगी स्वच्छ बोलायला लागली. मला कोण आनंद!

आठवड्यानं बाप घुश्शात हजर. "डॉक्टर, काढा ते! कोमलच्या हाकेला मेंढरं येईनात. आवाजच वळखत न्हाईत!"

कोमलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी न्हाई काढनार. शाळेत आता मला कुनी 'परत बोल' म्हनत न्हाई."

मी बापाला म्हटलं, "थोडे दिवस थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं." तो तिला घेऊन गेला.

पुढच्या तपासणीला दोघं आले. प्लेट जागेवर होती. मी भीतभीतच विचारलं, "मेंढरांचं काय झालं?"

"ती दोन दिसांत वळखाया लागली, डॉक्टर," बाप खाली बघत म्हणाला. "मलाच येळ लागला."