रकाना क्रमांक चार

जळगावात तेव्हा शहर बससाठी कार्ड निघालं होतं. कंडक्टर रोख पैसे घेत नसे, कार्डाला भोक पाडत असे. गावातल्या लोकांनी आपापल्या नावाची कार्डं काढून घेतली; एकाचं दुसऱ्याला चालत नसे. बाहेरून येणाऱ्याचं काय, हा विचार ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या डोक्यात आलाच नसावा. रोज धुळ्याहून, अमळनेरहून, खेड्यापाड्यांतून माणसं उतरत होती. कोर्टाला, बाजाराला, दवाखान्याला. त्या सगळ्यांनी एकच बस एकदाच पकडण्यासाठी आधी अर्ज भरायचा.

माझी मावशी सोनगीरजवळच्या खेड्यातून आली, ती लेकीला भेटायला. लेक दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. भेटायची वेळ चार ते पाच. मावशीची गाडी सव्वातीनला लागली, मी तिला उतरवून घ्यायला गेलो होतो. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, मावशीचे गुडघे दुखरे, आणि रिक्षांचा बंद. त्या बंदाची पत्रकं मीच वाटली होती आणि त्याची मला लाज नाही.

कार्डाच्या खिडकीशी आमचा नंबर लागला तेव्हा साडेतीन झाले होते. कारकुनानं पत्ता विचारला. मावशीनं गावाचा सांगितला. तो म्हणाला, इथलाच लागेल. मी माझ्या खोलीचा दिला. मग चौथा रकाना आला, पतीचे नाव. मावशीनं पदर तोंडाशी नेला. तिच्या पिढीत नवऱ्याचं नाव बाई उच्चारत नाही. विचारणाऱ्याला ते ठाऊक असतं आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी सांगून टाकतो. तिनं माझ्याकडे पाहिलं.

कारकून मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अक्का, उखाणा घ्या. लोक खोळंबलेत."

रांग हसली. माझं डोकं फिरलं.

मला नाव माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. मी विचारलं, बसमध्ये बसायला नवरा कशाला लागतो? पुरुषांच्या अर्जात बायकोचं नाव आहे का? विधवेनं काय लिहायचं? दवाखान्यात निघालेल्या बाईची थट्टा करण्याचा पगार मिळतो का तुम्हाला? मी घरी पत्रकं वाचत वाढलो होतो, वाक्यं आपोआप येत होती, आणि रांगेतले दोघेतिघे आता माझ्या बाजूनं बोलू लागले होते. मावशीनं दोनदा माझी बाही ओढली. मी ती सोडवून घेतली.

कारकुनानं अर्ज बाजूला सरकवला आणि खिडकी लावून घेतली. आतून म्हणाला, भाषण संपलं की सांगा.

ती खिडकी पुन्हा उघडली तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि कारकुनानं आम्हाला रांगेच्या शेवटी पाठवलं. कार्डाचा नाद सोडून आम्ही चालत निघालो. मावशी दर विजेच्या खांबाशी थांबत होती. दवाखान्याचं फाटक पाचलाच बंद झालं होतं. पहारेकऱ्यानं नियम सांगितला. त्याच्याशी भांडायला माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

मावशी फाटकाशी खाली बसली, गुडघा चोळत म्हणाली, "तू बोलना ते बठ्ठं खरं शे, भाऊ. पन नाव सांगी टाकता, ते आज मन्ही पोर माले दिसती."

मी बोललो ते सगळं खरंच होतं, आणि त्या कारकुनाचा राग मला आजही येतो. तो रकाना ज्यानं छापला त्याचा त्याहून जास्त येतो. पण त्या संध्याकाळी मावशीची वेळ त्यांच्याबरोबर मीही खाल्ली. एका बाईचा अपमान झाला आणि मी तिच्याच वेळेवर लढाई लढलो, तिला न विचारता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शुद्धीवर आली. तिनं आईला पहिलं हेच विचारलं, काल का आली नाहीस? मावशी म्हणाली, गाडी चुकली.

गाडी चुकली नव्हती. आम्ही रांगेत उभे असताना दवाखान्याच्या पाटीच्या तीन बसगाड्या आमच्यासमोरून अर्ध्या रिकाम्या निघून गेल्या होत्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.