सायकलवर बसून घेतलेलं माप

तिबासा गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार आठशे मीटर उंचीवर आहे. गावाबाहेर जाणारा प्रत्येक रस्ता एकतर चढतो, नाहीतर उतरतो. इथे सायकल चालवणारा माणूस दोनपैकी एका गटात असतो. काहीजण डांबरी रस्त्यावरचे, बाकीचे डोंगरवाटेचे. रस्तेवाले अंगाला चिकटलेले कपडे घालतात, म्हणून डोंगरवाले त्यांना 'सॉसेज' म्हणतात. डोंगरवाले ढगळ चड्ड्या आणि लांब बाह्यांचे सदरे घालतात, म्हणून रस्तेवाल्यांच्या लेखी ते 'बटाट्याची पोती'. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की दोन्ही गट चौकातल्या एकाच दुकानासमोर जमतात, गुळाच्या गरम पाण्यात चीजचे तुकडे बुडवून खातात आणि एकमेकांच्या कपड्यांवर तोंडसुख घेतात.

सॉसेज आणि पोती, दोघांचेही कपडे गेली एकोणीस वर्षं आनातील्दे सियाचोके शिवत होत्या.

त्यांचे वडील गावच्या बँडचे शिंपी. वयाच्या नवव्या वर्षी आनातील्देंनी पहिलं काज केलं, सोळाव्या वर्षी पहिली विजार बेतली. लग्न दुधाचा ट्रक चालवणाऱ्या बेलार्मिनोशी झालं. तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला. त्याच सुमारास बाजारात तयार विजारी आल्या आणि शिलाईची गिऱ्हाइकं आटली. मग एके दिवशी एक सायकलवाला फाटलेली चड्डी घेऊन आला. बसायच्या जागी आतून लावलेल्या गादीची शिवण उसवली होती. बाईंनी ती शिवायच्या ऐवजी पूर्ण उसवली, टेबलावर पसरली, कागदावर तिचा आराखडा काढला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जशीच्या तशी जोडून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पहिली सायकलची चड्डी कापली. तेव्हापासून गावच्या क्लबचा एकही स्वार दुसऱ्या कुणाच्या कपड्यांत शर्यतीला उतरला नव्हता. याचा बाईंना अभिमान होता, आणि तो लपवायची कला त्यांना अवगत नव्हती.

एप्रिलमध्ये क्लबचे अध्यक्ष आणि स्वतःही शर्यतीत उतरणारे एलिसेओ तुनारोसा त्यांच्या दारात आले. ते शाळेत कवायत शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. घोंगडीसारखा जाड लोकरी रुआना अंगावर नीट करत ते उभेच राहिले.

"बसा ना मास्तर."

"नको बाई, घाई आहे. तुमचे कपडे फार सुंदर असतात. फारच सुंदर. फक्त यंदा सान पेद्रोच्या शर्यतीसाठी शहरातल्या कारखान्यातून मागवावेत असं मंडळींच्या मनात आहे. रंगासाठी हो. दुसरं काही नाही."

"रंगासाठी."

"रंगासाठीच."

मास्तर गेले. बाईंनी मशीनवरचं कापड काढून घडी केली. एकोणीस वर्षांत कुणी रंगाचा शब्द काढला नव्हता.

तिबासात नवरा बायकोला, आई मुलाला आणि म्हातारी माणसं कुत्र्यालाही अहो-जाहो करतात. समोरच्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवणं म्हणजे त्याच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरणं. म्हणून बाईंनी गावातल्या कुणाला विचारलंच नाही. देयानिरा पिराबानला बोलावलं. देयानिरा खालच्या गरम मैदानी मुलखातून दूध संकलन केंद्रावर नोकरीसाठी आली होती. वय एकोणतीस, दंड पैलवानासारखे, आणि क्लबमधली एकुलती एक बाई. तिकडचे लोक तोंडावर बोलतात अशी त्यांची ख्याती आहे.

"देया, खरं सांगा. रंगाचं काय आहे?"

"रंगाचं काही नाही, मावशी. बुडाचं आहे."

बाईंनी चष्मा काढला.

"तुमची गादी सरकते," देयानिरा म्हणाली. "वीस किलोमीटर झाले की ती भलत्याच ठिकाणी जाते. दुकानासमोर रस्तेवाले उभ्यानेच का पितात, कधी विचार केलात?"

"मला वाटलं, मी समोरून जाते म्हणून मान देतात."

"मान देतात ते आहेच. पण बाकावर टेकता येत नाही, हेही आहे."

"एकोणीस वर्षं?"

"मी तीनच वर्षं घालतेय. बाकीच्यांना विचारा. सांगणार नाहीत ते. घरी जाऊन गरम पाण्यात बसतील, पण सांगणार नाहीत."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"इथे राहून मीही बिघडले, मावशी."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तुमची सायकल इथे ठेवून जा."

त्यांनी सायकलचं मागचं चाक दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये पक्कं केलं, दाराला कडी लावली आणि स्वतःच शिवलेली चड्डी घालून छप्पन्नाव्या वर्षी सीटवर चढल्या. पंधरा मिनिटं पायडल मारल्यावर त्यांना आपली चूक कळली. ती चूक हाताची नव्हती, मापाची होती. वडिलांनी शिकवलं होतं ते विजारीचं माप. गिऱ्हाईक पाद्र्यासमोर उभं राहिल्यासारखं ताठ उभं राहतं, आणि शिंपी फीत लावतो. पण सायकलवरचा माणूस ताठ नसतो. पाठ चार बोटं लांब होते, पोटाची घडी पडते, मांडी सतत वरखाली होते. उभ्या माणसाच्या मापाने बसवलेली गादी माणूस वाकला की मागे जाणारच. बाई एकोणीस वर्षं चर्चला जाणाऱ्या माणसांसाठी चड्ड्या शिवत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई मास्तरांच्या शाळेत गेल्या.

"मास्तर, क्लबला जिथून हवे तिथून कपडे घ्या. माझी एकच विनंती आहे. सान पेद्रोच्या शर्यतीत एका स्वाराला माझे कपडे घालू द्या. देयानिराला. ते कामाला आले नाहीत, तर मी मशीन शाळेच्या गणवेशांना लावीन आणि पुन्हा सायकलवाल्याच्या अंगाला फीत लावणार नाही."

"अहो बाई, असं कसं? तुमचे कपडे तर..."

"सुंदर आहेत, हो. कळलं मला ते."

मास्तरांनी मान खाली घालून होकार दिला.

सान पेद्रो या संताच्या सणाला होणारी ही शर्यत म्हणजे तिबासाची खास गोष्ट. सत्तावीस किलोमीटर डांबरी चढ, थेट डोंगरमाथ्यावर उभारलेल्या क्रूसापर्यंत. तिथे सायकल बदलायची, आणि जुन्या खेचरवाटेने चौदा किलोमीटर खाली गावच्या चौकात यायचं. म्हणजे अर्धी शर्यत सॉसेजांची आणि अर्धी पोत्यांची. चढावर ढगळ कपडे घातले तर वारा त्यात शिरून माणसाला मागे ओढतो. उतारावर घट्ट कपड्यांत गेलं तर रानबोरांचे काटे आणि खडक मांड्या सोलून काढतात. मग क्रूसापाशी बूट काढा, ढगळ चड्डी चढवा, पुन्हा बूट घाला. सव्वा मिनिट, दीड मिनिट. दरवर्षी एका पायावर उड्या मारणारे स्वार पाहायलाच निम्मं गाव वर जातं.

देयानिराचं माप बाईंनी सायकलवरच घेतलं. ती ठोकळ्यांतल्या सायकलवर वाकलेली, आणि बाई खडू घेऊन तिच्याभोवती फिरताहेत. गादी दोन बोटं पुढे आली. सदऱ्याची पाठ लांब झाली, पोट आखूड झालं. मांडीची पट्टी चार बोटं रुंद झाली, म्हणजे चड्डी वर चढणार नाही. देयानिरा एका रविवारी साठ किलोमीटर जाऊन आली आणि दुकानासमोरच्या बाकावर ऐसपैस बसली. बाकावर दुसरं कुणीच नसल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

उतारावरच्या कपड्याने मात्र घाम फोडला. बूट न काढता चढवता येईल अशी चड्डी हवी होती. शेजारणीची सून तान्ह्या मुलाला लंगोट बांधत होती, ते बाईंनी पाहिलं. पायांतून काढून दोन बाजूंना बांधलं की झालं. मग त्यांनी जाड कापडाची ढगळ चड्डी दोन्ही बाजूंनी कंबरेपासून खालपर्यंत उघडी ठेवली, बाजूंना बँडच्या विजारींसारखी पट्टी लावली आणि पट्टीवर टिचबटणं बसवली. प्रत्येक बाजूला सहा. कंबरेला एक मोठा हूक.

पहिल्याच चाचणीत देयानिरा बटाट्याच्या शेतात जाऊन पडली.

"काय झालं?" बाई बांधावरून ओरडल्या.

"उतारावर बूड सीटच्या मागे न्यावं लागतं. नेलं. परत पुढे येताना ही तुमची चड्डी सीटच्या नाकात अडकली. मी आणि सायकल एकच झालो."

"लागलं का?"

"मला नाही. बटाट्यांना विचारा."

बाईंनी ती चड्डी तिथेच, बांधावर, कात्रीने उसवली. दोन पायांमध्ये सैल लोंबणारं कापड काढून टाकलं आणि घरी जाऊन तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा बसवला. आता पाय हवे तेवढे फाकत, पण खाली लोंबायला काही राहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला देयानिरा खाली आली ती बटाट्यांना न भेटता. मग त्यांनी चड्डी झटपट चढवायचा रोज सराव केला, दूध केंद्राच्या अंगणात, कॅनांच्या मध्ये. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद लागले. शेवटच्या दिवशी अकरा.

सान पेद्रोच्या दिवशी बाई दुधाच्या ट्रकमधून क्रूसापाशी पोचल्या. धुकं होतं. गाव रुआना गुंडाळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. क्लबचे स्वार कारखान्याच्या झगझगीत निळ्या-पिवळ्या कपड्यांत होते. रंग खरोखर छान होते, हे बाईंनी मनातल्या मनात मान्य केलं.

पहिला आला डोंगरवाला आउरेलियो सानाब्रिया. त्याने कपडे बदललेच नाहीत. उघड्या गुडघ्यांनी तसाच दुसऱ्या सायकलवर बसला आणि धुक्यात दिसेनासा झाला. मागोमाग चौघे आले आणि रस्त्याच्या कडेला बसून बुटांचे बंद ओढू लागले. देयानिरा सहावी. तिने सायकल सोडली, कापड पायांतून ओढून घेतलं, हूक लावला, टिचबटणं दाबली. टिच टिच टिच असा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू आला, आणि त्या बटणं मोजत होत्या. बारा. ते चौघे अजून मोज्यांत होते.

"अहो, हिने काय नेसलंय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पोतंच आहे की," दुसरा म्हणाला.

"पोतं असेल, पण दुसऱ्या नंबरावर गेलंय," तिसऱ्याने सांगितलं.

ट्रक डांबरी रस्त्याने खाली निघाला. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. गावच्या रेडिओ केंद्राचा निवेदक चौकाच्या तोंडाशी असलेल्या ओढ्यापाशी उभा राहून घसा फोडत होता. आउरेलियो पुढे आहे, आउरेलियोच्या गुडघ्यातून रक्त येतंय, आउरेलियो काट्यांपाशी हळू झाला. मग मध्येच खरखर. बाईंनी डॅशबोर्डवर हात ठेवला. पुढे गाई आडव्या आल्या आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला.

"हॉर्न वाजवा," बाई म्हणाल्या.

"गाई आहेत बाई, घाबरतील."

"माझ्याहून जास्त नाही घाबरणार."

खरखर थांबली. निवेदक म्हणत होता की दूध केंद्राची पोरगी ओढ्यात सीटच्या मागे बूड नेऊन अशी काही उतरली की पाणीसुद्धा बाजूला झालं. आउरेलियो मागे पडला. चौक समोर आहे. चौकात ती एकटी आहे. एकटी. चाळीस सेकंदांनी पुढे. आणि ढगळ चड्डीचं एकही बटण सुटलेलं नाही, असंही त्याने सांगितलं. ते सांगायचं त्याला कसं सुचलं कोण जाणे.

ड्रायव्हरने गाईंना न जुमानता हॉर्न वाजवला, आणि चौकापर्यंत वाजवतच राहिला.

चौकात बँड वाजत होता. देयानिराला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. बाईंना पाहताच ती वरूनच म्हणाली, "मावशी, मला खाली घ्या म्हणावं, मी आत्ता बसायच्या मूडमध्ये आहे."

थोड्या वेळाने मास्तर आले. सातवे आले होते. कारखान्याची चड्डी मांडीपासून कुल्ल्यापर्यंत फाटली होती. बाईंनी एक खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, मास्तर."

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. आयुष्यभराची सवय मोडायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना लागला.

"बसवत नाही, बाई," ते म्हणाले. "यातही बसवत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातही बसवत नव्हतं. एकोणीस वर्षं."

"कुठे टोचतं?"

"इथे चौकात सांगू?"

"उद्या घरी या. सायकल घेऊन या. आणि सगळं सांगा, काही मागे ठेवू नका."

सोमवारी सकाळी आनातील्देबाईंनी दार उघडलं तर गल्लीत सायकलींची रांग लागली होती. रस्तेवाले आणि डोंगरवाले एकाआड एक उभे होते, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. एकाचा काखेचा काठ काचत होता, दुसऱ्याच्या मागच्या खिशातून केळं पडत होतं, तिसऱ्याला बाहीने मनगटाशी पुरळ आलं होतं. आउरेलियोला गुडघ्यांना जाड अस्तर हवं होतं, तेही आजच. तिबासात इतकी नावं एकाच दिवशी कुणाच्याही कामाला ठेवली गेली नव्हती. बाई ती ऐकून हरखून गेल्या होत्या.

त्यांनी खडू कानावर अडकवला, ठोकळे पायाने सरळ केले आणि पहिल्याला आत घेतलं.

"चढा. वाका. अजून वाका, प्रार्थनेला आलात का? हां. आता बोला, कुठे टोचतं?"