चिंध्यांचा दोर

वर्गात कुणी काही विचारलं की सुलभाबाईंचं उत्तर ठरलेलं, अस्सल इंदुरी थाटात. "मला काय विचारता भिया, विहिरीला विचारा नं." की निघाली सगळी पलटण मागच्या आवारात. मी त्या शाळेत मावशी होते. झाडू, घंटा, पाणी, सगळं माझ्याकडे. पोरं काठाशी वाकली की मागून कॉलर धरायचं कामही माझंच.

त्या विहिरीसाठी एक दोर होता, टोकाला दगड बांधलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चौथीची मुलं तो तळापर्यंत सोडत, वर ओढत आणि जिथवर भिजला तिथे एक चिंधी बांधत. आईच्या साडीची, बापाच्या सदऱ्याची. दर वर्षाची एक. मी एकदा म्हटलं, बाई, वहीत लिहा की. तर म्हणाल्या, "वही रद्दीत जाते, मावशी. दोर विहिरीपाशीच राहतो." हेडसर हसायचे, म्हणायचे, बाईंच्या वर्गाला फळा नको, बादली द्या.

पुढे शेजारी मोठी इमारत झाली, तिथे बोअर झाले, आणि त्या उन्हाळ्यात आमची विहीर पहिल्यांदा आटली. संस्थेची मंडळी म्हणू लागली, ही तर दरसालच आटते, बुजवून टाका, बसगाड्या उभ्या करू. बाई शांत. मीटिंगमध्ये दोरच दाखवू म्हणाल्या.

आता माझं शहाणपण ऐका. आमच्या इंदूरला स्वच्छतेचं वेड किती, ते काय सांगायचं! मला वाटलं, मोठी माणसं बघणार आणि दोर असा मळका? चिंध्या सोडल्या, दोर सोड्यात उकळला. चिंध्या धुऊन इस्त्रीसुद्धा केली. परत बांधायला बसले आणि हात थांबले. कुठली कुठे होती?

बाईंनी दोर हातात घेऊन पाहिला. "किती पांढरा केलात, मावशी." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "अंदाजानं बांधू, बाई. कोणाला कळणार?"

"चौथीच्या पोरांना," बाई म्हणाल्या.

मीटिंगला रिकाम्या हातानं गेल्या. पुरावा मागितला तर म्हणाल्या, होता, माझ्या हयगयीनं गेला. चहा देताना मी ऐकलं, आणि गप्प राहिले. दिवाळीच्या आत विहीर बुजली. वर फरशी आली.

पुढच्या उन्हाळ्यात, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, बाई नवी चौथी घेऊन दोन बसगाड्यांच्या मधे उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच वह्या काढायला लावल्या. एक पोरगी म्हणाली, "बाई, काय लिहू?"

मी वाट पाहत होते, आता म्हणतील, विहिरीला विचारा. बाई नुसत्या फरशीकडे बघत राहिल्या.

मग मीच म्हटलं, "लिही बेटा. इथे विहीर होती. पाणी किती असायचं ते दोरावर होतं. दोर मावशीनं धुतला."

बाईंनी मला थांबवलं नाही.