रजईवर खार

खार हिवाळाभर झोपते, हे मी घरात ठामपणे सांगितलं होतं.

त्याचं असं झालं. परभणीत थंडी पडली आणि आमच्या मागच्या खोलीतल्या माळ्यावर एक खार येऊन राहिली. सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, झाडू घेऊन निघाल्या. मी अडवलं. म्हणालो, झोपलीय बिचारी, आता ऊन तापेपर्यंत उठायची नाही. (मोबाईलवर पाहिलं होतं. तिथं गुडघाभर बर्फ होता, ही बारीकसारीक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही.)

"मंग डब्यातले शेंगदाणे कोण खायलंय?" सुनंदानं विचारलं. मी तिच्या अज्ञानाकडे दुर्लक्ष केलं.

त्याच माळ्यावर तिची नवी रजई होती. वालूरच्या तिच्या भावानं, दिगंबरनं, भाऊबीजेला दिलेली. घरच्या रानातला कापूस, समोर बसून पिंजून घेतलेला! धाकट्या बहिणीला मात्र त्यानं साडी दिली होती. तरी सुनंदाचा त्या रजईत इतका जीव, की पाहुण्यांसाठी म्हणून ती मलाही पांघरू देत नव्हती.

एका सकाळी लय हुडहुडी भरली, म्हणून मीच स्टुलावर चढलो. रजईला भगदाड, बराचसा कापूस गायब आणि वर खारूताई बसून शेंगदाणा कुरतडायल्या. तेवढ्यात दिगंबरचा फोन आला.

"दाजी, थंडी लय पडलीय. रजई कशी हाय?"

"काय सांगू? रजईवर खार खायलीय."

"कोण?"

"दुसरी कोण? आपली घरातलीच."

"कदीपासून?"

"दिवाळी झाली तवापासून."

फोन बंद झाला. रजई कुरतडल्याचं ऐकून त्याचं मन मोडलं, म्हणून सुनंदा दिवसभर रडली, आणि मधूनमधून माझा उद्धार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दिगंबर पहिल्या गाडीनं दारात हजर. काखेत पिशवी, तोंड उतरलेलं. पाण्याला शिवेना. सुनंदा पुढं झाली. म्हणाली, दिगू, चुकलंच माझं, तुला आधीच सांगायला पायजे व्हतं.

त्याचे डोळे भरून आले. "अक्का, धाकलीला साडी दिली म्हणून सख्ख्या भावावर एवढी खार खायाची?"

"मी तर हाकलायलेच व्हते रे," ती म्हणाली. "ह्येच हाकलू देत न्हवते."

"दाजी, तुमी बी?" दिगंबर म्हणाला. त्यानं पिशवीतून साडी काढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि रजई वापस मागितली. रजई दाखवायची कशी? सुनंदा हुंदके द्यायला लागली, तोही डोळे पुसायला लागला, आणि मी दोघांच्या मधे उभा राहून नेमकं काय चाललंय ते समजून घ्यायला लागलो.

तेवढ्यात खार सरसर खाली आली, जमिनीवर पडलेला कापसाचा पुंजका तोंडात धरला आणि आमच्यासमोरून पुन्हा माळ्यावर गेली.

दिगंबर बघतच राहिला. "ही खार?"

"हीच," मी म्हणालो.

मग तो जो हसत सुटला, तो चहा थंड होईपर्यंत. अक्का रुसलेली नाही, या आनंदापुढं त्याला रजईचं काहीच वाटेना. साडी त्यानं तिला दिलीच. वर चढून घरटंही पाहिलं. म्हणाला, राहू द्या, जिवाला ऊब लागतीय. पुढच्या साली नवा कापूस भरून देतो.

तेव्हापासून साडी सुनंदाकडे, कापूस खारीकडे. आता खार हिवाळा कसा काढते असं कुणी विचारलं, तर मी मोबाईल काढत नाही. अंगावरची रजईची रिकामी खोळ सावरतो आणि माळ्याकडे बोट दाखवतो.